ठोकलेली गाडी : दुरुस्त करायची की विकायची?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं नीटनेटकं करून)

उसाचा हंगाम सुरू झाला, की आमच्या गॅरेजसमोरची रांग वाढते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॉली रात्री दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. गाडीचं नाक आत जातं. आतली माणसं सुखरूप असली, तर त्या रात्री घरात सगळे एवढंच म्हणतात, गाडीचं काय घेऊन बसलात, जीव वाचला. ते खरंच आहे. पण चौथ्या दिवशी प्रश्न उभा राहतोच. या गाडीचं आता करायचं काय?

मी गॅरेजात हिशेबाच्या टेबलावर बसते. पाना माझ्या हातात नसतो, पण एस्टिमेट, विम्याचे कागद, सर्व्हेअरच्या सह्या, सगळं माझ्या टेबलावरून जातं. तिथं बसून एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघते. गाडी जिच्या नावावर आहे, तिला सगळ्यात शेवटी विचारतात. दीर बोलतात, मेव्हणे बोलतात, आरटीओचा एजंट बोलतो, शेजारचा गाडी विकणारा बोलतो. मग ठरलं, की तिला फोन येतो, वहिनी, जरा सही करायला या. म्हणून आजचं बोलणं मुख्यतः त्या सही करणारीसाठी आहे.

घरात चर्चा एकाच आकड्यावर होते. गॅरेजवाल्याने किती सांगितले? सव्वा लाख? मग विकून टाका! किंवा, सव्वा लाखच ना, करून घ्या! पण नुसत्या त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. त्यातले आपल्या खिशातून किती जाणार, दुरुस्त झालेल्या गाडीला बाजारात किती येणार, आणि आहे तशी विकली तर आज किती मिळणार, हे तिन्ही समोर हवेत. आणि या सगळ्याच्या आधी, गाडीच्या सांगाड्याला मार आहे का? ते शेवटी बघू, कारण त्यावर जरा जास्त बोलायचंय.

आधी अपघातानंतरचं थोडं. गाडी ठोकली, खालून पाणी गळतंय, तरी "घरापर्यंत जाईल" म्हणून चालवत आणू नका. रेडिएटर फुटलेला असला तर दोन-चार किलोमीटरमध्ये इंजिन जाम होतं. विम्याच्या पॉलिसीत अटच असते, की दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. म्हणजे बंपर-बॉनेटचे पैसे कंपनी देईल, इंजिनाचे देणार नाही. गाडी ओढून आणा. साध्या पॉलिसीतही खासगी गाडी ओढून नेण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंत खर्च मिळतो, पावती तेवढी जपा. जागेवरच चारही बाजूंनी फोटो काढा, नंबर प्लेट दिसेल असे. कंपनीला कळवल्याशिवाय आणि सर्व्हेअरने गाडी पाहिल्याशिवाय एकही भाग खोलू देऊ नका. कोणी जखमी असेल, किंवा समोरच्याची चूक असून त्याच्याकडून भरपाई मागायची असेल, तर पोलिसांत नोंद लागतेच.

मग घरी येऊन पॉलिसी काढा आणि स्वतः वाचा. सगळी नाही, पहिलं पान पुरे. तिथं "ओन डॅमेज" या शब्दांपुढे रक्कम आहे का, तेवढं बघा. नसेल तर तुमचा विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान तो भरून देतो. तुमच्या स्वतःच्या गाडीला एक रुपयाही नाही. इथं बऱ्याच जणी फसतात, आणि त्याला कारण आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीला थर्ड पार्टीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. घरात सगळ्यांच्या डोक्यात "तीन वर्षांचा विमा आहे" एवढंच राहतं, आणि दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज भरायचं राहून जातं. हे गाडी ठोकल्यावर कळतं.

आणखी एक. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने चालवत असाल, शाळेची मुलं पैसे घेऊन नेत असाल, बाजारच्या दिवशी सीटप्रमाणे माणसं भरत असाल, तर खासगी गाडीच्या पॉलिसीवर कंपनी दावा नाकारू शकते. चालवणाऱ्याचं लायसन नसेल किंवा तो प्यायलेला असेल तरी तेच. हे आधी स्वतःशी खरं बोलून घ्या आणि मगच पुढचा हिशेब मांडा.

पहिल्या पानावर अजून एक आकडा असतो, आयडीव्ही. विमा कंपनीने आणि तुम्ही मिळून धरलेली गाडीची किंमत. गाडीच्या कंपनीच्या दरातून वयाप्रमाणे घट वजा करून ती येते. सहा महिने ते वर्षाच्या गाडीला १५ टक्के, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, असं वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे दोघांनी ठरवायचं. हप्ता कमी बसावा म्हणून काही जण आयडीव्ही मुद्दाम कमी लावून घेतात. दोन-चारशे रुपये वाचतात खरे, पण गाडी पुरती गेली तर मिळणारी रक्कम हीच असते.

आता हिशेब. वही-पेन असेल तर घ्या, नसेल तर मी सावकाश सांगते. समजा सहा वर्षांची छोटी मोटार आहे, आयडीव्ही ३,००,००० रुपये. ट्रॉलीला मागून धडकली. एअरबॅग फुटलेल्या नाहीत. एस्टिमेट आलं १,२०,००० रुपये. त्यात बॉनेट, फेंडर, रेडिएटरची चौकट असे लोखंडी भाग ४०,०००. बंपर, जाळी, हेडलाइट वगैरे प्लॅस्टिकचे २४,०००. पुढची काच ६,०००. मजुरी ३०,०००. रंगकाम २०,०००.

साध्या पॉलिसीत कंपनी नव्या भागाची पूर्ण किंमत देत नाही. तुमचा जुना भाग वापरून झिजलेला होता, असं धरून कपात करते. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरळ ५० टक्के, गाडी काल घेतलेली असली तरी. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ती ४० टक्के आहे. मजुरी पूर्ण मिळते. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्या निम्म्याची कपात करतात.

म्हणजे आपल्या गाडीत लोखंडाचे १६,००० आपले. प्लॅस्टिकचे १२,००० आपले. काच नाही, मजुरी नाही. रंगाचे २,५०० आपले. झाले ३०,५००. शिवाय प्रत्येक दाव्याला मालकाने सोसायची सक्तीची रक्कम असते. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० आणि त्यावरच्या मोटारीला २,००० रुपये. आपली छोटी गाडी, म्हणून एकूण ३१,५०० आपल्या खिशातून, ८८,५०० कंपनीचे. "झीरो डेप" जास्तीचे पैसे भरून घेतलेलं असेल, तर त्या ३०,५०० ची कपात बहुतेक टळते. पण ते कव्हर गाडी थोडी जुनी झाली की पुष्कळ कंपन्या देत नाहीत, आणि वर्षात किती दावे चालतील यालाही मर्यादा असते. "आम्ही झीरो डेप घेतलंय" असं अंदाजाने म्हणू नका, पॉलिसीवर लिहिलेलं दाखवा.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. दावा केला, की नो क्लेम बोनस जातो. दावा न केलेल्या वर्षांप्रमाणे ओन डॅमेजच्या हप्त्यात २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला, की पुढच्या वर्षी शून्य, पुन्हा पहिल्या पायरीपासून. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० आहे आणि पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांवर जाणार होता. तर पहिल्या वर्षी ३,६०० गेले, पुढच्या वर्षी २,४००, मग २,०००, १,२००, ४००. पुन्हा ५० टक्क्यांवर चढेपर्यंत ९,६०० रुपये जातात. म्हणून मी नेहमी सांगते, बंपरला चीर गेली, दाराला पोचा आला, आठ-दहा हजारांचं काम आहे, तर दावा करू नका, खिशातून करा. गॅरेजवाल्याला दावा केलेला सोयीचा असतो, कारण विम्याच्या बिलावर घासाघीस होत नाही. हे मी गॅरेजात बसून सांगते, आमच्या धन्यांना आवडणार नाही, पण असू दे.

तर सगळं धरून दुरुस्तीला आपले साधारण ४१,००० जातील. आता बाजारात विचारा. एकाला नाही, तिघांना. दुरुस्त झालेल्या, पुढून ठोकलेल्या, बिलं असलेल्या या गाडीला समजा २,६०,००० येतात. आणि आहे तशी विकली तर १,४०,०००. दुरुस्त केली तर २,६०,००० मधून ४१,००० गेले, हातात २,१९,००० ची गाडी. विकली तर १,४०,०००. फरक ७९,००० रुपयांचा. आणि ही रक्कम कुठं जाते? ज्याने "तुमचा ताप मी घेतो ताई" म्हणून गाडी उचलली, त्याच्याकडे. विम्याचा दावा तुमच्या हातात असताना गाडी घाईने विकणं म्हणजे कंपनीचे ८८,५०० रुपये रस्त्यावर सोडून देणं. गाडी विकली, की तो दावा घेणाऱ्याच्या मागे जात नाही आणि तुमच्याकडेही राहत नाही.

आता हीच गाडी, पण विमा फक्त थर्ड पार्टीचा. दुरुस्तीचे १,२०,००० सगळे आपले. २,६०,००० मधून ते गेले, उरले १,४०,०००. आणि आहे तशी विकली तरी १,४०,०००. बरोबरी! अशा वेळी माझा कौल विकण्याकडे असतो, कारण एस्टिमेट हे बाहेरून दिसतं त्याचं असतं. बंपर काढला, की आतलं दिसतं. एसीचा कंडेन्सर दबलेला, पंख्याची मोटर गेलेली, वायरिंग चिरडलेलं. १,२०,००० चे १,४५,००० सहज होतात. विमा असेल तर सर्व्हेअरला पुन्हा बोलावून वाढीव खर्च दाखवता येतो, विमा नसेल तर तो तुमच्याच अंगावर. पण अपवाद आहे. गाडी पहिल्यापासून तुमच्या घरात आहे, वेळच्या वेळी ऑइल बदललेलं आहे, इंजिन ठणठणीत आहे. ती १,४०,००० ला विकून तुम्ही कोणती गाडी आणणार? कोणाची तरी जुनी, जिचा इतिहास ठाऊक नाही. कदाचित तीही कुठं तरी ठोकलेलीच. माहीत असलेली खोड परवडते. शिवाय गाडीवर तुमचं पोट असेल, डबे पोचवता, पापड-मसाल्याचा माल नेता, तर गाडी किती दिवस उभी राहणार हेही धरा. काम किती दिवसांचं यापेक्षा पार्ट कधी येणार हे विचारा. काम आठ दिवसांचं असतं, पार्टची वाट महिनाभर बघावी लागते. तेवढे दिवस भाड्याच्या टेम्पोला किती जातील, तो आकडा दुरुस्तीच्या खर्चात मिळवा.

आता सांगाड्याकडे येते. कारण वरचा सगळा हिशेब दुरुस्त करायच्या बाजूने आला, तरी इथं तो उलटू शकतो.

जुन्या जीपला खाली वेगळी चेसी असायची आणि वर बॉडी ठेवलेली असायची. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना तसं नसतं. पत्रा दाबून, जोडून केलेला पूर्ण सांगाडा हीच चेसी. पुढे इंजिनाच्या दोन बाजूंना दोन मजबूत दांडे असतात, त्यांना लागून आतला पत्रा, त्याला गॅरेजात ॲपरन म्हणतात. धडक बसली, की हा पुढचा भाग ठरवून दिल्यासारखा चुरगळतो आणि मार खातो, म्हणजे तो तुमच्या पायांपर्यंत येत नाही. दरवाजांच्या मधले उभे खांब, त्यांना पिलर म्हणतात, ते मात्र चुरगळायचे नसतात. ते तुमच्याभोवतीचं घर आहे.

कपडे वाळत घालायचा तारेचा हँगर एकदा वाकवून पुन्हा सरळ करून बघा. दिसायला सरळ होतो, पण पुढच्या वेळी बरोबर तिथंच वाकतो, आणि आधीपेक्षा लवकर. गाडीच्या दांड्याचं तेच. थोडा सरकलेला दांडा योग्य मशीनवर ओढून, मापं घेऊन सरळ करता येतो, कंपनीच्या पद्धतीने बदलताही येतो. पण गॅसवर तापवून, हातोडीने ठोकून सरळ केला, तर पोलादाची ताकद तिथं कमी होते. वरून लांबी भरून, रंग मारून दिला, की कोणाला काही दिसत नाही. पुढच्या धडकेत दिसतं.

म्हणून गॅरेजवाल्याला तोंडाने विचारा, "ॲपरन दबलाय का? पुढच्या दांड्यांना मार आहे का? पिलरला?" आणि उत्तर एस्टिमेटवर लिहून मागा. बाई असं विचारते, हे पाहिल्यावर समोरचा माणूस जरा सावध होऊन बोलतो, हे मी रोज बघते. बॉनेट, बंपर, फेंडर, दिवे, रेडिएटर, दरवाजा, ही सगळी बोल्टने लावलेली किंवा सहज बदलता येणारी कामं आहेत, त्यासाठी चांगली गाडी विकू नये. दांडा किंवा ॲपरन एका बाजूने गेला असेल, तर जिथं मापं घेऊन काम होतं अशाच ठिकाणी करायचं, नाही तर करायचंच नाही. आणि पिलर वाकला असेल, छत दुमडलं असेल, गाडी पलटी झालेली असेल, तर माझं मत सरळ आहे. त्या गाडीत पुन्हा मुलांना बसवू नका, हिशेब काहीही म्हणो.

दुरुस्त होऊन आलेली गाडी ताब्यात घेताना सपाट जागेवर उभी करा. बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का बघा, बोट फिरवून. चारही दारं एकाच आवाजात लागतात का. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हलकं धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का. व्हील अलाइनमेंटचा छापील कागद मागा. आणि महिना-दोन महिन्यांनी पुढचे टायर एका कडेने झिजताना दिसले, तर समजा सांगाडा जागेवर आलेला नाही.

एअरबॅगचं वेगळं सांगते. ती एकदाच फुटते, पुन्हा घडी करून बसवता येत नाही. ती फुटली असेल तर नवी बॅग तर हवीच, त्याबरोबर तिचा कंट्रोल युनिट आणि धडकेत ओढून घेणारे पुढचे सीटबेल्टही तपासून, गरजेप्रमाणे बदलावे लागतात. खर्च मोठा असतो, त्यामुळे काही ठिकाणी नुसतं वरचं झाकण शिवून बसवतात आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बंद करून टाकतात. चावी फिरवली, की तो दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. सतत लागलेला राहत असेल तर बिघाड आहे. आणि अजिबात लागतच नसेल, तर त्याहून जास्त संशय घ्या. एअरबॅगचं बिल, डब्यावरच्या नंबरासकट, मागून घ्या.

काही वेळा हा निर्णय तुमच्या हातात राहतच नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की कंपनी गाडी "टोटल लॉस" धरते. आपल्या उदाहरणात २,२५,००० च्या वर. जुन्या गाडीच्या दोन एअरबॅग फुटल्या, की आकडा तिथवर लवकर पोचतो. मग आयडीव्हीतून सक्तीची रक्कम वजा करून पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा कंपनीने ठरवलेला भंगार व्यापारी नेतो. किंवा सांगाडा तुम्ही ठेवायचा आणि त्याची किंमत वजा करून पैसे घ्यायचे. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. कर्ज ३,४०,००० उरलेलं आणि आयडीव्ही ३,००,०००, तर गाडीही गेली आणि ४०,००० चा हप्ताही मागे राहिला. ही रक्कम ऐकून घरात रडारड होते, म्हणून बँकेकडून बाकी रकमेचा कागद पहिल्याच आठवड्यात आणा.

टोटल लॉसमध्ये एक धोका असतो, तो गाडीच्या कागदांत. पुरत्या मोडलेल्या गाडीला भंगाराच्या भावापेक्षा जास्त पैसे कोणी देऊ लागला, आणि "आरसी बुक मात्र सोबत द्या" म्हणाला, तर थांबा. त्याला तुमचं लोखंड नको असतं, तुमचा नंबर हवा असतो. त्याच बनावटीची चोरीची गाडी आणायची, तुमच्या गाडीचा चेसी नंबर तिच्यावर चढवायचा आणि तुमच्या कागदांवर फिरवायची, हा धंदा देशभर पोलिसांनी पकडलेला आहे. गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आरटीओला १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्या. जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रावर दिली, तर तिथलं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नवी गाडी घेताना सवलत मिळते. सर्व्हेअरचा आकडा किंवा दाव्याचा नकार पटला नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, आणि तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपाल. आपल्यासाठी पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

आता समजा सगळा विचार करून विकायचं ठरलं. तर अपघात लपवू नका. घेणारा बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघतो, त्यावर पान्याचे ओरखडे दिसले की ओळखतो. लोहचुंबक फिरवतो, लांबीवर तो चिकटत नाही. तुम्ही लपवलंत आणि त्याने पकडलंत, की तो तुमच्या प्रत्येक शब्दावर दहा हजार कापतो. त्यापेक्षा ठोकल्याचे फोटो, दुरुस्तीची बिलं, बदललेल्या भागांची यादी समोर ठेवा आणि करारात "गाडीला अमुक तारखेला पुढून अपघात झाला होता, हे घेणाऱ्यास सांगितले आहे" असं वाक्य घाला. आमच्याकडे अशा गाड्या चांगल्या भावाने गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि आता ती सही. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० हे मालकी बदलाचे फॉर्म. आपल्याकडे सर्रास कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतात. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. गाडी घेणारा व्यापारी असतो, त्याला स्वतःच्या नावावर करायची नसते, गिऱ्हाईक मिळेपर्यंत कागद तसाच ठेवायचा असतो. महिने जातात, कधी वर्षं. तोपर्यंत कायद्याच्या नजरेत गाडी तुमची. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. मूळ मालकाने गाडी विकलेली होती, ती पुढे हातोहात अनेकदा विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. अपघात झाला, आणि न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. तुम्ही १,४०,००० ला विकलेली गाडी कोणाच्या तरी हातून माणूस मारते, तिचा विमा संपलेला असतो, आणि लाखोंच्या भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. गाडी तुमच्या नावावर होती, म्हणून तुमच्या. मेव्हण्यांच्या नाही.

तेव्हा फॉर्मवर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख तुमच्या डोळ्यांसमोर भरल्याशिवाय सही करू नका. त्याच्या आधार कार्डाची प्रत घ्या, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्याची सही घ्या. तारखेबरोबर वेळही महत्त्वाची, कारण त्याच संध्याकाळी काही झालं तर? मालकी बदलल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं, ते एजंटवर सोडू नका. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा आधी उतरवा. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात जाणार असेल, तर आरटीओची एनओसी लागते. व्यापाऱ्याला द्यायची असेल तर तो आरटीओकडे नोंदलेला आहे का, त्याचं प्रमाणपत्र बघा. एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याचं परिवहन खात्याच्या पोर्टलवर कळवायची सोय आहे, आणि तसं कळवलं की गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. थोडे पैसे राखून ठेवता आले तर ठेवा, नाव बदललं की देईन म्हणा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का, ते दर आठवड्याला बघत राहा.

एका मैत्रिणीने पत्रातून विचारलं होतं, की गाडी विकली तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस घेणाऱ्याला जातो का? नाही जात. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली, तर तीच सूट तिथं लागते. अर्थात या अपघातासाठी दावा केलेला असेल, तर तो बोनस आधीच गेलेला असतो. विकताना काचेवरचा फास्टॅगही बंद करायला विसरू नका. नाही तर घेणारा पुण्या-मुंबईला जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. हेही आमच्याकडे येतं, दर हंगामात दोन-तीनदा तरी.